चेन्नईचा नाताळवृक्ष

डिसेंबर लागून ईशान्य मोसमी पावसाचा जोर ओसरू लागला, की चेन्नई शहरातील रोपवाटिकांच्या दर्शनी भागात एक ठेंगणे झाड मांडले जाते. उंची हात-दीड हात. मधोमध सरळ खोड. त्याला ठरावीक अंतरावर मजल्यामजल्याने फुटलेल्या आडव्या फांद्या, आणि त्या फांद्यांवर दाटीने बसलेली मऊ, किंचित वाकडी, सुईसारखी हिरवी पाने. कुंडीभोवती लाल किंवा सोनेरी चकचकीत कागद, त्यावर फीत. विकणारा त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतो, घेणाराही तेच म्हणतो, आणि सांथोम, वेपेरी, पुरसवाक्कम अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून ते केकच्या जोडीने एका घरातून दुसऱ्या घरी जाते. आता ते ख्रिस्ती घरांपुरते राहिलेले नाही. कचेऱ्यांतून आणि दुकानांतूनही नववर्षाची भेट म्हणून ते दिले जाते. फेब्रुवारीपर्यंत त्याच्या खालच्या फांद्या पिवळ्या पडतात, आणि मे महिन्यातील अग्निनक्षत्राचे दिवस उलटेपर्यंत बहुतेक कुंड्या रिकाम्या झालेल्या असतात.

या अल्पायुष्याचा दोष चेन्नईच्या उन्हाळ्याला दिला जातो. हे झाड हिमप्रदेशातील, त्याला समुद्रकाठची दमट उष्णता कशी सोसावी, असे म्हणून मालक त्याला घरातील सर्वांत गार आणि म्हणून बहुधा सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. वस्तुतः हे झाड हिमप्रदेशातील नव्हे. त्याने बर्फ पाहिलेला नाही. त्याची मूळ भूमी चेन्नईसारखीच समुद्राच्या वाऱ्याची आणि लख्ख उन्हाची आहे. झाडाला मारतो तो उन्हाळा थोडा आणि गैरसमज अधिक. आणि या झाडाविषयीचा गैरसमज हा काही आजचा नाही. युरोपीय माणसाने ते प्रथम पाहिले त्या दिवसापासूनच तो सुरू झाला.

नाताळला वनस्पती भेट देण्याची चाल मात्र या देशात नाताळवृक्षाहून जुनी आहे. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या अमदानीत मोठ्या दिवसांत साहेबाच्या बंगल्यावर 'डाली' नेण्याची पद्धत होती. डाली म्हणजे मुळात फांदी. व्यवहारात मात्र फळे, फुले, भाजीपाला, मिठाई यांनी सजविलेली परडी. कंत्राटदार, जमीनदार, हाताखालचे कारकून ती पाठवीत, आणि परडीतील संत्र्यांच्या खाली आणखी काय काय दडलेले असे याच्या कथा त्या काळच्या लिखाणात विपुल आहेत. सरकारी नोकरांच्या वर्तणुकीच्या नियमांत फळे, फुले आणि तत्सम किरकोळ वस्तूंच्या नजराण्याला मुभा ठेवून, त्याच दमात असे नजराणे निरुत्साहित करावेत अशी सूचना दिलेली असे. नियम करणाऱ्यांना मानवी स्वभाव चांगला ठाऊक होता म्हणायचा! ते असो. परडीतील फांदी तोडलेली असे, तिच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी कोणावर नव्हती. कुंडीतील झाड जिवंत असते, आणि ते घेणाऱ्यावर एक काम सोपविते. हा फरक लहान नाही.

नाताळला घरात झाड उभे करण्याची रीत जर्मन प्रदेशांतील. इंग्लंडच्या राजवाड्यात ती जर्मन राजघराण्यांतून आलेल्या राण्यांबरोबर शिरली; राणी शार्लट हिने १८०० साली विंझर येथे असे झाड उभारले होते. पण सामान्य इंग्रज कुटुंबांत तिचा प्रसार झाला तो व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स आल्बर्ट यांचे झाडाभोवती जमलेले कुटुंब १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये चित्ररूपाने झळकल्यानंतर. तेथून ती इंग्रजांच्या मागोमाग हिंदुस्थानातील छावण्यांत आणि शहरांत आली. झाड मात्र येऊ शकले नाही. युरोपातील फर आणि स्प्रूस हे थंडीचे वृक्ष. मद्रासच्या वाळूत ते जगणे अशक्य.

तेव्हा मद्रासने आपल्या किनाऱ्यावर जे होते ते उचलले. ते झाड म्हणजे सुरू. तमिळमध्ये त्याला सवुक्कु म्हणतात. सुरूचा शेंडा तोडून, तो वाळूने भरलेल्या डब्यात रोवून, त्यावर कापसाचा बर्फ पसरून कित्येक पिढ्यांनी नाताळ साजरा केला. अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यावरील सुरूची बने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचे वर्णन सांगावयास नको. लांबून पाहता तो सूचिपर्णी वृक्ष वाटतो. पण ज्यांना आपण त्याच्या सुया समजतो ती पाने नसून बारीक हिरव्या डहाळ्या असतात. एक डहाळी दोन बोटांत धरून ओढली की ती पेऱ्यापेऱ्याने सुटते, आणि प्रत्येक पेऱ्याशी भिंगाखाली दिसतील अशा इवल्या दातांचे कडे असते. ते दात म्हणजे खरी पाने. सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. देवदार-फरशी त्याचे काही नाते नाही. आपला 'सुरू' हा शब्दही फारशीतील 'सर्व' म्हणजे सायप्रस या वृक्षाच्या नावावरून आलेला. म्हणजे मराठीनेही त्याला दुसऱ्याचेच नाव दिले! एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्यांना जळण पुरविण्यासाठी मद्रास इलाख्याच्या किनाऱ्यावर सुरूची मोठी लागवड झाली, आणि २६ डिसेंबर २००४ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्सुनामीची लाट आली तेव्हा कडलूर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जेथे झाडीचा पट्टा होता त्यामागील वस्त्यांची हानी कमी झाली असे पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय पाहणीत दिसून आले. त्या पट्ट्यात खारफुटीबरोबर सुरूही होता. गरिबांचा नाताळवृक्ष म्हणून हिणवल्या गेलेल्या झाडाची ही थोरवी सांगितली पाहिजे.

कुंडीतले झाड निराळे. त्याची कथा सप्टेंबर १७७४ मध्ये सुरू होते. कॅप्टन जेम्स कुक आपल्या दुसऱ्या सफरीत 'रेझोल्यूशन' जहाज घेऊन पॅसिफिक महासागरात हिंडत होता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस एक लांबट बेट त्याला लागले. त्याला त्याने न्यू कॅलेडोनिया हे नाव दिले. बेटाच्या दक्षिण टोकाकडे जाताना किनाऱ्यावर उंच, सरळ, काळसर सुळके दिसू लागले. हे काय असावे यावर जहाजावर वाद माजला. जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ योहान राइनहोल्ड फॉर्स्टर यांचे मत असे, की हे बेसॉल्ट दगडाचे स्तंभ आहेत. आयर्लंडच्या किनाऱ्यावर तसे दगडी खांब आहेत हे सर्वांना माहीत होते. कुक म्हणे, ही झाडे आहेत. विद्वान मंडळी शास्त्रज्ञाच्या बाजूस, कप्तान एका बाजूस. शेवटी एका चिमुकल्या बेटावर उतरून पाहिले, तो ती झाडेच निघाली: उंच, आणि फांद्या इतक्या आखूड की सारा वृक्ष खांबासारखा दिसावा. जहाजाच्या सुताराने त्यांतून डोलकाठीच्या कामाची काही लाकडे कापून घेतली. जवळच्या मोठ्या बेटाला कुकने 'आइल ऑफ पाइन्स' म्हटले. खरे पाहता ते पाइनही नव्हते.

त्या जहाजावर या शास्त्रज्ञाचा मुलगा गेऑर्ग फॉर्स्टर हाही होता. त्याला अद्याप वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. परत गेल्यावर १७८६ साली दक्षिण समुद्रातील बेटांच्या वनस्पतींची जी लहानशी यादी त्याने प्रसिद्ध केली, तीत या झाडाला 'कुप्रेसस कॉलम्नॅरिस' म्हणजे 'स्तंभाकार सायप्रस' असे नाव दिले. वडिलांना दगडी खांब वाटलेले झाड मुलाच्या नावात खांब होऊन राहिले. हाच गेऑर्ग फॉर्स्टर मराठी वाचकाला दुसऱ्या एका कारणासाठी आपला वाटेल. सर विल्यम जोन्स यांच्या इंग्रजी भाषांतरावरून 'शाकुंतला'चा जर्मन अनुवाद त्याने १७९१ साली केला. गटेने 'शाकुंतल' वाचले ते या अनुवादातून. आश्रमातील रोपांना पाणी घालणारी आणि त्यांना पाणी पाजल्यावाचून स्वतः पाणी न पिणारी कालिदासाची नायिका युरोपच्या दारी नेणारा मनुष्य आणि चेन्नईच्या कुंडीतील झाडाला नाव देणारा मनुष्य एकच, हा योगायोग नाताळची भेट देताना कोणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही. पण यायला हरकत नाही.

पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबर १७७४ रोजी, कुकला आणखी दक्षिणेकडे नॉरफोक हे निर्मनुष्य बेट आढळले. तेथेही तशीच झाडे. मात्र फांद्या लांब, आकार रुंद पायाच्या शंकूचा, डौलदार. इंग्रजी आरमाराला डोलकाठ्यांची नित्य गरज असे, म्हणून कुकने या झाडांची शिफारस केली, आणि १७८८ मध्ये त्या बेटावर वसाहत झाली त्यामागे हेही एक कारण होते. लाकूड डोलकाठ्यांच्या कामी फारसे उपयोगी पडले नाही. झाड मात्र दिवाणखान्यात उपयोगी पडले. १७९३ मध्ये ते लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात पोहोचले होते, आणि एकोणिसाव्या शतकात काचेच्या बंद पेट्यांतून जिवंत रोपे समुद्रपार नेण्याची सोय झाल्यावर युरोपातील सुखवस्तू घरांत कुंडीत वाढविण्याचे झाड म्हणून त्याला मागणी आली. जर्मन लोक त्याला आजही 'खोलीतला फर' अशा अर्थाचे नाव वापरतात.

दोन्ही झाडे एकाच कुळातील. चिलीतील आरौको प्रांताच्या नावावरून १७८९ साली त्यांच्या गणाला 'अरौकेरिया' हे नाव मिळाले. नॉरफोकचे झाड दीर्घकाळ 'अरौकेरिया एक्सेल्सा' म्हणून ओळखले जाई. १९५२ पासून त्याला 'अरौकेरिया हेटेरोफिला' म्हणतात. न्यू कॅलेडोनियाचे ते 'अरौकेरिया कॉलम्नॅरिस'. जुन्या बागांच्या पाट्यांवर ते 'कुकी' या नावाने आढळते. व्यापारात या दोहोंची सरमिसळ फार आहे. नॉरफोक पाइन म्हणून जगभर जी रोपे विकली जातात त्यांतील पुष्कळशी प्रत्यक्षात कुक पाइनची असतात, आणि दक्षिण भारतातील बागांत उंच वाढलेली झाडेही बहुतांशी कुक पाइनच आहेत.

मद्रासला परदेशी झाडांचे वावडे कधीच नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. जेम्स अँडरसन यांनी सैदापेट येथे लाल रंग देणाऱ्या किड्यांसाठी निवडुंगाचा बगीचा केला होता. १८३५ साली रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या पुढाकाराने मद्रासची कृषि-उद्यान संस्था निघाली. तिची बाग कथीड्रल रोडवर होती, आणि त्याच रस्त्यावर २०१० मध्ये सेम्मोळी पूंगा हे सरकारी उद्यान उघडले. तेथे फिरणाऱ्याला अरौकेरिया हा पाहुणा वाटेल. परंतु शहराच्या नैर्ऋत्येस श्रीपेरुंबुदूरजवळच्या शेलच्या थरांत दहा कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचे ठसे सापडतात, आणि फाइस्टमांटेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७९ साली मद्रास किनाऱ्याच्या ज्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले त्यांत अरौकेरियाच्या कुळातील शंकूंचे खवलेही आहेत. भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका एका भूखंडाचे भाग होते त्या काळातील हे नाते. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावाच्या जमिनीत नाताळच्या झाडाचे पूर्वज निजलेले आहेत.

आता ओळखीचा प्रश्न. कुंडीतील नाताळवृक्ष म्हणून चेन्नईत मुख्यतः तीन झाडे मिळतात. फांदी ओढल्यावर पेऱ्याने सुटली तर ते सुरू. पाने सुईसारखी नसून खवल्यांसारखी चपटी, आणि डहाळ्या हाताचे पंजे उभे जोडून धरावेत तशा उभ्या प्रतलात असतील, तर ती मोरपंखी. तिचे मूळ चीनकडचे. महाराष्ट्रातील मुले जिची डहाळी 'विद्या' म्हणून पुस्तकात जपून ठेवीत आली ती हीच. आणि फांद्या मजल्यामजल्याने चक्राकार फुटलेल्या, पाने मऊ व सुईसारखी असली, तर ते अरौकेरिया. येथवर सोपे आहे. पण अरौकेरिया नॉरफोकचा की न्यू कॅलेडोनियाचा, हे हातभर रोपावरून ठरविणे जाणकारालाही जड जाते. 'हेटेरोफिला' या नावाचा अर्थच भिन्नपर्णी असा आहे. बाल्यातील पान आणि प्रौढ झाडाचे पान एकसारखे नसते, आणि बाल्यात दोघांची पाने जवळजवळ सारखीच असतात. भेद उमटतो तो वय वाढल्यावर. कुक पाइनची साल पातळ कागदासारख्या पट्ट्यांनी सुटते, फांद्या आखूड राहतात, जुन्या फांद्या गळून खोडावर नव्या आखूड फांद्या येतात आणि झाड खांबासारखे दिसू लागते. नॉरफोक पाइन रुंद शंकूचा आकार राखतो.

तरीही रोपाजवळ कुक पाइन असण्याचा संभव अधिक, आणि चेन्नईच्या दृष्टीने ही चूक लाभाचीच आहे. नॉरफोक बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस २९ अंशांवर, आइल ऑफ पाइन्स सुमारे २२ अंशांवर. चेन्नई उत्तरेस १३ अंशांवर. कुक पाइन उष्ण कटिबंधाचाच रहिवासी आहे. खारा वारा दोघांनाही सोसतो, इतका की समुद्रकाठच्या रस्त्यांवर लावण्यासाठी ती जगभर निवडली जातात. सोसत नाही ते अंधार, वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा आणि मुळाशी साचलेले पाणी.

म्हणून झाड घरी येताच पहिले काम कुंडीचा चकचकीत कागद काढण्याचे. त्या कागदाने निचऱ्याचे भोक बंद होते, आणि डिसेंबरच्या दमट हवेत मुळे कुजावयास आठवडाभर पुरतो. नाताळच्या आठवड्यात ते बैठकीच्या खोलीत शोभेसाठी ठेवण्यास प्रत्यवाय नाही. मात्र तापणाऱ्या दिव्यांच्या माळा आणि वरून फवारलेला रुपेरी रंग टाळावा, कारण रंगाखाली पान श्वास घेऊ शकत नाही. नंतर त्याची जागा पूर्वेच्या सज्जात, सकाळचे ऊन मिळेल तेथे. रोपवाटिकेच्या जाळीखालून आलेले रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवले तर होरपळते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू त्याला उन्हाची सवय करावी, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्यावी. वरची बोटाच्या पेराएवढी माती कोरडी लागली की भरपूर पाणी, आणि बशीत उतरलेले पाणी ओतून टाकणे. रोज थोडे थोडे पाणी देण्याची सवय सर्वांत घातक. माती पोयट्याची, तीत वाळू आणि कुजलेले शेणखत. कुंडी आठवड्यातून एकदा थोडी फिरवावी, नाहीतर झाड उजेडाकडे एकांगी वाढते. दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावी, पण मुळांचा गड्डा मोडू नये. भरगच्च दिसावे म्हणून पुष्कळदा एकाच कुंडीत तीन-चार रोपे लावलेली असतात. त्यांतील जोमदार ठेवून बाकीची मातीलगत कापून टाकणे बरे, उपटून काढू नयेत.

दोन गोष्टी या झाडाच्या बाबतीत पुन्हा दुरुस्त होत नाहीत. खालची फांदी एकदा वाळून गळली की रोपाला त्या जागी दुसरी येत नाही. आणि शेंडा खुडला की आकार कायमचा बिघडतो. तुळशीची किंवा गुलाबाची छाटणी करणारा हात सवयीने येथेही कात्री चालवितो. आडव्या फांदीचा तुकडा लावून नवे झाड करण्याचाही प्रयत्न होतो. तो तुकडा मूळ धरला तरी वर्षानुवर्षे आडवाच वाढतो, उभा होत नाही. फांदी आपला फांदीपणा विसरत नाही. नवे झाड हवे तर बी किंवा खोडाचा उभा शेंडाच लागतो.

पाच-सहा वर्षे जगलेले झाड कुंडीत मावेनासे होते, आणि मग ते अंगणात लावावे असा मोह होतो. हे करताना ते मूळ भूमीत दीडशे-दोनशे फूट वाढते, हे ध्यानात ठेवावे. १२ डिसेंबर २०१६ च्या वर्धा वादळात चेन्नईत हजारो वृक्ष उन्मळून पडले. घराच्या भिंतीपासून चार हातांवर असा वृक्ष लावणे शहाणपणाचे नव्हे. ज्याच्याजवळ मोकळी जागा नाही त्याने ते शाळेला किंवा चर्चच्या आवाराला द्यावे. नाताळची भेट अशी दुसऱ्यांदा दिली गेली तरी तिची किंमत कमी होत नाही.

जमिनीत लावलेल्या झाडात काही वर्षांनी एक चमत्कारिक गोष्ट दिसून येईल. कुक पाइन सरळ उभा राहत नाही, तो कलतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील १८ प्रदेशांतल्या २५६ झाडांची मोजणी झाली. विषुववृत्ताच्या उत्तरेकडील झाडे दक्षिणेकडे, दक्षिणेकडील झाडे उत्तरेकडे, म्हणजे सर्वच विषुववृत्ताच्या दिशेने कललेली आढळली. सरासरी कल साडेआठ अंशांचा. कारणाविषयी शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. चेन्नईत तो कल दक्षिणेकडे असेल, आणि मोठ्या झाडाला तसा कल असेल तर हे रोप कोणते होते या जुन्या प्रश्नाला तो एक पुरावाच मिळेल. माळी अशा झाडाला बांबूचा टेकू देऊन सुतळीने बांधतो. बांबू काढून घ्यावा.